फलक कोणासाठी लावता?

आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील मुलांना सुरत हे नाव शाळेच्या पुस्तकात दोनदा भेटते. पहिल्यांदा १६६४ च्या स्वारीत आणि दुसऱ्यांदा १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनात, जहाल आणि मवाळ फुटले तेव्हा. तिसऱ्यांदा मात्र ते पुस्तकाबाहेर भेटते. दहावीचा निकाल लागतो, घरी दोन एकर कोरडवाहू असते, थोरल्या बहिणीच्या लग्नाचे कर्ज फिटलेले नसते, आणि मुलगा एक पिशवी घेऊन सुरतेच्या गाडीत बसतो. तीस वर्षे मी हे पाहतो आहे. ज्यांची नावे मी स्वतःच्या हाताने हजेरीपटावर चढविली, त्यांतले कितीतरी आज लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत राहतात. कोणी मागावर, कोणी रंगाई-छपाईच्या मिलमध्ये, कोणी कापड बाजारात गठ्ठे वाहतो.

या मुलांना मी व्याकरण शिकविले, संतांचे अभंग शिकविले, पानिपतची कारणे पाठ करून घेतली. मोठ्या शहरात मुलाच्या जन्माची नोंद कोठे करावी, गावचे रेशनकार्ड तेथे चालते की नाही, पुराची सूचना आली तर ती कशी वाचावी, यातले काही शिकविले नाही. तेव्हा या लेखातली पहिली फिर्याद माझ्या स्वतःविरुद्ध आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढच्या फिर्यादी इतरांविरुद्ध आहेत.

माझा एक विद्यार्थी. नाव सांगत नाही. कोणते शहर, कोणते कार्यालय हेही सांगत नाही. एका कारकुनाला चव्हाट्यावर आणून हा प्रश्न सुटणारा नाही. २०२४ च्या पावसाळ्यात त्याला मुलगी झाली. रात्रीची वेळ, गल्लीत गुडघाभर पाणी, तेव्हा बाळंतपण भाड्याच्या खोलीतच झाले, शेजारणींनी केले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिल्या, पेढे वाटले गेले. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, तेवढ्यात केली तर एक पैसा लागत नाही, पुढे विलंबाचे शुल्क लागते आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. कार्यालयाच्या भिंतीवर तसा फलक होता. रोज कामाला जाताना माझा विद्यार्थी त्या भिंतीखालून जात होता. फलक त्याला न वाचता येणाऱ्या लिपीत होता.

सव्वा वर्षाने कोणीतरी दाखला मागितला, तेव्हा घर जागे झाले. मग पाच पाळ्या बुडाल्या. या खिडकीवरून त्या खिडकीवर, तेथून झेरॉक्सच्या दुकानात, आणि अखेर त्या दुकानाच्या बाकड्यावर बसणाऱ्या दलालाकडे. त्याने अडीच हजार घेतले. त्याच्या म्हाताऱ्या आईला मी विचारले, "अहो, चौकशी नाही का केली?" ती म्हणाली, "गुरुजी, आमले काय समजस?" अहिराणीतले हे चार शब्द माझ्या तीस वर्षांच्या नोकरीवरचा शेरा आहेत असे मला वाटले.

हे अडीच हजार बुडाले म्हणून मी लेख लिहीत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. पूर्वी आम्ही मुख्याध्यापक पालकाने सांगितलेली तारीख लिहून घेत होतो. निम्म्या खानदेशाचा वाढदिवस १ जूनला येतो तो त्यामुळेच. ती सोय आता संपली. ज्या फलकाकडे काल दुर्लक्ष झाले तरी चालत होते, तो फलक आज एका मुलीच्या आयुष्याचा दरवाजा आहे. आणि तो तिच्या बापाला वाचता येत नाही!

दुसरे उदाहरण धान्याचे. सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीत मी कितीदा पाहिले आहे, बायका गव्हा-तांदळाची गाठोडी घेऊन बसलेल्या असतात. गावच्या रेशन दुकानातून धान्य उचलायचे आणि शहरातल्या लेकाच्या घरी पोहोचवायचे. ऑगस्ट २०१९ मध्ये, आंतरराज्य रेशनचा प्रयोग देशात प्रथम सुरू झाला तो दोन जोड्यांत: आंध्र प्रदेश आणि तेलंगण ही एक, महाराष्ट्र आणि गुजरात ही दुसरी. म्हणजे गावच्या कार्डावर सुरतेतल्या दुकानात धान्य मिळण्याची सोय देशात सर्वांत आधी ज्यांना झाली, ते आपणच! आणि त्यानंतरही गाठोडी गाडीत चढतच राहिली. सरकारने सोय केली, पण सोय झाल्याची बातमी पोहोचविण्याची सोय कोणी केली नाही. ज्या योजनेची माहिती हक्कदाराला त्याच्या भाषेत मिळत नाही, ती योजना दलालाची होते.

आता कायद्याकडे वळू. कोणी म्हणेल, परराज्यात जाऊन मराठीत सूचना मागण्याचा तुम्हाला अधिकार काय? अधिकार आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार कोणाही माणसाला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. ३५० क कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करा असे सांगते. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी १९५६ मध्ये केंद्र सरकारने जे निवेदन काढले, त्यात जिल्हा, तालुका किंवा नगरपालिका क्षेत्रात एखादी अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ ते २० टक्के असतील तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे तत्त्व मान्य झाले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम तर स्पष्टच सांगते की, सार्वजनिक माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात परिणामकारक ठरणारी पद्धत यांचा विचार झाला पाहिजे. बेळगाव-निपाणीकडचे आपले बांधव मराठीतून कागदपत्रे मागत आले आहेत ते याच संरक्षणांच्या आधारे. तेथे राज्याच्या हद्दीचा वाद आहे, सुरतेत तसला वाद नाही. मग मागणी करायला संकोच कसला?

टक्केवारीवर मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०११ च्या जनगणनेत सुरत महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे ४५ लाख भरली. एवढ्या सागरात टक्का मोजायला बसलात तर कोणतीही लहान भाषा बुडते. मोजायचे ते प्रभागाने मोजावे. लिंबायतच्या एखाद्या गल्लीत सकाळी उभे राहून कान उघडे ठेवले, तर टक्केवारीसाठी कागद चाळावा लागणार नाही.

हे सर्व मी सुरतेचा द्वेष करून लिहीत नाही. उलट सुरतेइतका धडा देशातल्या फार थोड्या शहरांनी घेतला असेल. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेगची साथ आली. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांनी भरलेल्या गाड्या आमच्या स्थानकात रिकाम्या होताना मी पाहिल्या आहेत. काही दिवसांत लाखो माणसे ते शहर सोडून निघाली. त्यांतल्या कोणालाही धड सांगता येत नव्हते की रोग कशाने होतो, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या कोठे मिळतात, घरातच थांबावे की पळावे. कोणी पाण्यात विष कालवले म्हणे, कोणी आणखी काही. जेथे माहिती पोहोचत नाही तेथे अफवा पोहोचते, आणि अफवेला भाषेची अडचण कधीच येत नाही.

त्यानंतर १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. शहराचे सहा विभाग करून विभागप्रमुखांना अधिकार दिले आणि अधिकाऱ्यांना रोज सकाळी खुर्चीवरून उठवून गल्लीत नेले. दोन वर्षांच्या आत ते गलिच्छ शहर देशातल्या स्वच्छ शहरांच्या यादीत चंदिगढच्या खालोखाल मोजले गेले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर सुरतेने इंदूरबरोबर पहिला क्रमांक मिळविला. गल्लीगल्लीतला झाडू मारणारे हातही काही प्रमाणात आपल्याच भाषेचे आहेत, हे सांगायला नको. म्हणजे इच्छा असली की या शहरात काय होऊ शकते, याचा पुरावा आहे. आणखी एक पुरावा देतो. सुरतेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. मुंबई सोडली तर असे औदार्य किती शहरांनी दाखविले असेल? माझा प्रश्न एवढाच की, जे शहर मुलाला सात भाषांत शिकवू शकते, त्याने बापाला कराची, लसीची, पाण्याची, पुराची सूचना त्याच सात भाषांत का देऊ नये? मराठी शिक्षक पगारावर आहेत, मराठी वाचणारी मुले बाकावर आहेत, शाळेच्या भिंतीही पालिकेच्याच आहेत. खर्च लागणार आहे तो रंगाच्या डब्याचा.

पुराचे म्हणाल तर ऑगस्ट २००६ आठवा. उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. तापीचा पूर दूरच राहू द्या, लिंबायतच्या बाजूला मीठी खाडी पावसाळ्यात पुन्हा पुन्हा फुगते. पाणी कोणत्या खुणेला पोहोचले की घर सोडायचे आणि कोणत्या शाळेत जायचे, ही सूचना समजायला दुभाषा शोधावा लागत असेल, तर ती सूचना नव्हेच. सूचना दिल्याचा तो सरकारी पुरावा झाला.

यावर तीन आक्षेप मला नेहमी ऐकू येतात.

पहिला आक्षेप: जेथे राहता तेथली भाषा शिका. मला तो अर्धा मान्य आहे, आणि त्या अर्ध्यासाठी मी आपल्याच लोकांना धारेवर धरणार आहे. पण भाषा शिकायला वेळ लागतो, ताप यायला लागत नाही. काल गाडीतून उतरलेल्या माणसाला आज लस हवी असते. त्याने आधी भाषेची परीक्षा द्यावी आणि मग दवाखाना शोधावा, असे म्हणणे न्यायाचे नाही.

दुसरा आक्षेप: याने भाषावाद पेटेल. अहो, निवडणुकीच्या महिन्यात मराठीत हात जोडताना, मराठीत भाषणे करताना कोणाला भाषावादाची भीती वाटते का? दहीहंडीच्या शुभेच्छा मराठीत चालतात, मग डेंग्यूची सूचना मराठीत लावली की एकात्मता धोक्यात कशी येते? मत मागायची भाषा आणि माहिती द्यायची भाषा एकच असावी, यापलीकडे माझे काही मागणे नाही.

तिसरा आक्षेप नवा आहे: आता सगळे मोबाइलवर मिळते. मिळते, ज्याला शोधायचा शब्द ठाऊक आहे त्याला. घरपट्टीला तेथे 'वेरो' म्हणतात हे ज्याला माहीत नाही, तो काय शोधणार? शिवाय मोबाइलवर खरी सूचना एकदा येते आणि खोटी शंभरदा. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत सुरतेचे हजारो परप्रांतीय मजूर गावी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर उतरले, तेव्हाही मोबाइल प्रत्येकाच्या खिशात होताच.

आता आपल्या घराकडे. सुरतेतल्या मराठी माणसाचे संख्याबळ आता दुर्लक्षिण्याजोगे राहिलेले नाही. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारी मतदारसंघातून २००९ पासून निवडून आले आणि २०२४ मध्ये केंद्रात मंत्री झाले. त्या मतदारसंघात लिंबायत आणि उधना येतात. आपली माणसे निवडून येतात याचा आनंद मलाही आहे. परंतु आपण त्यांच्याकडे काय मागतो? मंडळाला मंडप, मिरवणुकीला परवानगी, कार्यक्रमाला उपस्थिती. आपली मंडळे गणेशोत्सव दिमाखात करतात, शिवजयंतीला रस्ते भगवे होतात, संक्रांतीला हळदीकुंकू आणि सत्कार होतात. यातले काहीही बंद करा असे मी म्हणत नाही. पण दहा दिवस ज्या मंडपात लाखभर रुपयांचा आवाज घुमतो, त्या मंडपाच्या कोपऱ्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि अर्ज भरून देणारा एक बारावी झालेला मुलगा का बसू नये? जन्मनोंद, रेशन, मतदारयादी, शाळाप्रवेश, वृद्धांचे निवृत्तिवेतन एवढ्या पाच बाबींचे पाच कागद त्याच्यासमोर असावेत. दहा दिवसांत त्या टेबलाशी जेवढे लोक येतील, तेवढे सत्कारमूर्ती पाहायला येणार नाहीत.

हे टेबल का लागत नाही, तेही सांगतो. कारण माहिती वाटली की महत्त्व कमी होते. 'माझ्याकडे ये, मी ओळखतो साहेबांना' असे म्हणणारा एक भाऊ प्रत्येक गल्लीत असतो. त्याचे सगळे राज्य इतरांच्या अज्ञानावर चालते. अडला हरी त्याचे पाय धरतो, आणि निवडणुकीत तो हरी मोजून दिला जातो. दलाल पैसे तरी घेऊन मोकळा होतो. हा भाऊ आयुष्यभराचे उपकार लिहून ठेवतो. सुरतेत असो, बेळगावात असो की भिवंडीत, मराठी वस्तीचा खरा शत्रू परभाषा नाही. आपल्याच भाषेत गोड बोलून आपल्याला अडाणी ठेवणारा हा मध्यस्थ आहे.

आणि दिव्याखालचा अंधारही पाहू. आमच्या नंदुरबारचा बालहुतात्मा शिरीषकुमार मेहता गुजराती घरातला. ९ सप्टेंबर १९४२ रोजी हातात तिरंगा घेऊन तो गोळीला सामोरा गेला, आणि त्याच्या ओठांवर गुजराती घोषणा होती. त्याचे स्मारक आम्ही अभिमानाने दाखवितो. मग आमच्या कार्यालयांत गुजराती वाचणाऱ्या म्हातारीसाठी एक ओळ तरी लिहितो का? तिचे राहू द्या. नवापूरकडे मावची बोलतात, धडगावकडे पावरी, सगळीकडे भिली बोलींचे नाना प्रकार. त्या आदिवासी मायमाउलीला आम्ही दवाखान्यात अस्सल पुणेरी मराठीतला फलक दाखवितो आणि तिला कळले नाही की तिलाच अडाणी म्हणतो. जी तक्रार घेऊन आम्ही सुरतेला जाणार, तीच तक्रार घेऊन कोणी आमच्या दारात उभे राहिले तर उत्तर काय देणार? म्हणून म्हणतो, ही मागणी मराठीची म्हणून करू नका. ज्याला सूचना द्यायची त्याला समजेल अशी ती द्या, हे तत्त्व म्हणून करा. मग ते दोन्ही बाजूंना लागू होईल.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणाले तर मी त्याला नवापूरच्या रेल्वे स्थानकावर नेईन. त्या स्थानकाच्या मधून राज्याची हद्द जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरची खोली गुजरातेत. हद्दीच्या रेषेवरच्या बाकावर बसलेल्या माणसाचे अर्धे अंग एका राज्यात असते आणि अर्धे दुसऱ्या. आणि गाडीची घोषणा होते मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत. चार भाषांत घोषणा केल्याने गाडी कधी रुळावरून घसरली नाही. उतारू मात्र योग्य गाडीत बसतात. रेल्वेला जे जमते ते कोणत्याही पालिकेला जमावे.

आता मान्य केलेल्या त्या अर्ध्या आक्षेपाची परतफेड. गुजराती लिपी म्हणजे शिरोरेषा काढून टाकलेली आपलीच बहीण. अ, इ, ख, च, ज, झ, फ, ब, भ, ल अशी दहा-बारा अक्षरे वेगळ्या वळणाची. बाकीची ओळखता येतात. अर्जाला तेथे 'अरजी' म्हणतात, दाखल्याला 'दाखलो'. शब्द शेजारचे आहेत, फक्त वेश वेगळा. पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला तर नववीचा मुलगा गुजराती फलक वाचू लागतो, हे मी करून पाहिले आहे. गेल्या वर्षीपासून माझ्या शाळेत शेवटच्या तासाला हा वर्ग चालतो. अभ्यासक्रमात तो बसत नाही, तपासणीला आलेल्या साहेबांनी भुवया उंचावल्या, उंचावोत. ज्या गावाची निम्मी मुले सुरतेला जाणार आहेत, त्या गावच्या शाळेने हे शिकवायचे नाही तर कोणी? सीमेवरच्या प्रत्येक मराठी शाळेने आपल्या शेजाऱ्याची लिपी अशीच शिकवावी, मग ती कन्नड असो, तेलुगू असो की गुजराती. शेजारची लिपी शिकल्याने मराठी बाटत नाही. मराठी माणूस मात्र लुबाडला जायचा वाचतो.

माझा तो विद्यार्थी परवा मुलीचा दाखला घेऊन शाळेत दाखवायला आला. त्यावरचे तिचे नाव त्याला वाचता येत नव्हते. मी त्याला नववीच्या मुलांशेजारी बाकावर बसविले. तो लाजला, मग बसला. अर्ध्या तासाने त्याने एकेका अक्षरावर बोट ठेवून लेकीचे नाव वाचले आणि लगेच म्हणाला, "सर, यात एक अक्षर चुकलंय." अडीच हजार देऊन आणलेल्या कागदात चूक होती, आणि ती त्याला सापडली ती अक्षर कळल्यावर. आता दुरुस्तीचा अर्ज तो स्वतः भरणार आहे. दलालाकडे जाणार नाही, गल्लीतल्या भाऊकडेही नाही.

या लेखाला उत्तर देणारा लेख पुढच्या अंकात आला तर मी तो आवडीने वाचीन. माझी अट एकच. लिहिणाऱ्याने आधी आपल्या गल्लीतल्या एका घराचा एक अर्ज भरून द्यावा आणि मग लेखणी उचलावी.